सावंतवाडीत जुन्या घरात राहायचंय? आधी खोली विचारा

‘सावंतवाडीत दोन रात्री जुन्या वास्तूत काढायच्यात. राजवाड्यात खोली घ्यावी की आळीतल्या एखाद्या जुन्या घरात?’ दर हंगामात हा प्रश्न येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: आधी खोली ठरवा, वास्तू नंतर. एकाच घरातल्या दोन खोल्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि तो फोटोत दिसत नाही.

राजवाड्याचं लवकर उरकू. इथले राजे तिसरे खेम सावंत यांच्या काळातली (1755–1803) चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची वास्तू, समोर मोती तलाव, आणि एका भागात आता हॉटेल. दशावतारी गंजिफेचे 120 पत्ते, प्रत्येक अवताराचे बारा, हाताने कसे रंगवतात ते तिथे बघायला मिळतं. एवढ्यासाठीसुद्धा तिथे राहावं. मात्र दिवसा बघणाऱ्यांची ये-जा असते. दुपारी डोळा लागायला हवा असेल तर सालईवाडा, सबनीसवाडा अशा भागातलं कौलारू घर बरं. आता पुढचं सगळं त्या घरांबद्दल.

फोनवरच विचारा: खोलीला माळा आहे की झोपल्यावर थेट कौलं दिसतात? कौलं दिसणारी खोली फोटोत देखणी, पण मे महिन्यात दुपारी दोनला तापते. रात्री मात्र फटींतून वारा खेळतो आणि लवकर निवते. त्याच फटींतून एसीचा गारवाही निघून जातो, म्हणून एसीच्या खोलीला खालून छत मारलेलं असतं. छतावर तपकिरी कडांचा गोल डाग दिसला तर वर कौल सरकलंय असं समजा. डाग जुना की ताजा, हे बोट लावलं की कळतं.

कौल सरकतं कसं, हेही बघण्यासारखं आहे. मंगलोरी कौलाच्या पोटाला बारीक उंचवटे असतात, ते रिपेला, म्हणजे कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्टीला अडकतात. माकडाने उडी मारली की उंचवटा तुटतो, आणि अडीच-तीन किलोचं कौल दोन बोटं खाली घसरतं. पाणी तिथेच गळेल असं नाही. ते वाशावरून ओघळत जातं आणि हातभर खाली, बहुतेकदा पलंगावर, टपकतं. म्हणून गळतीखाली बादली ठेवून भागत नाही, वाशाने वर जात मूळ शोधावं लागतं. ते काम यजमानाचं. तुम्ही पलंग सरकवा आणि लगेच सांगा. मे अखेर शाकारणी, म्हणजे पावसाआधी कौलं नीट बसवून घेण्याचं काम, झाली का, हा प्रश्न पावसाळी बुकिंगआधी विचारलात तर कोणाला राग येत नाही. उलट गिऱ्हाईक जाणकार आहे म्हणून खोली नीट मिळते.

रात्री छपरावर कोणी चालल्यासारखं वाटेल. ते उदमांजर. घाबरायचं कारण नाही, फळं तेवढी टेबलावर उघडी ठेवू नका.

भिंतीचं सांगायचं तर जांभा सच्छिद्र. पावसात पाणी पितो, उन्हात सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला श्वास घेऊ देतो. हौसेने सिमेंट लावून वर ऑइलपेंट मारला की ओल आत कोंडते आणि जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत रंगाला फोड येतात. पलंगामागे वाकून बघा. फोड असतील तर पलंग भिंतीपासून चार बोटं दूर घ्या आणि चामड्याची चप्पल-पाकीट कपाटात कोंडू नका, दोन दिवसांत बुरशी धरते. पावसात कपडे वाळत नाहीत, एक जोड जास्त आणा. लाकडी दार फुगून अडतं तेव्हा खांद्याने ढकलू नका. कडीला धरून किंचित वर उचला आणि मग ओढा.

न्हाणीघर कुठे आहे, यावर आमचा जोर जास्त. पूर्वी ते घराबाहेर, विहिरीकडे असायचं, कारण लाकडाला पाणी सोसत नाही. आता पाहुण्यांसाठी खोलीला जोडून करतात. पडवी बंद करून केलेलं असेल तर उत्तम. माडीवर, लाकडी तुळयांवर टाइल्स घालून केलेलं असेल तर पाईपचा एखादा सांधा झिरपला तरी खालची तुळई कुजते आणि बाहेरून काही कळत नाही. खालच्या खोलीत छताला ओलीचा वास आला तर दुसरी खोली मागा.

गीझर 2000 वॅटचा म्हणजे जवळपास नऊ अँपिअर. पाण्याची किटली 1500 वॅटची, साडेसहाच्या आसपास. जुन्या पाच अँपिअरच्या सॉकेटला किटली लावू नका, आणि दोन्ही एकाच वेळी चालू करू नका. जुन्या वायरिंगला हा भार झेपत नाही, फ्यूज उडतो. इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवे चालतात, एसी चालत नाही.

रेल्वेचं सावंतवाडी रोड स्टेशन मळगावात, शहराबाहेर. रात्रीच्या गाडीने उतरणार असाल तर यजमानाकडून रिक्षा आधीच सांगून ठेवा. काही घरांकडे पाखाडीच्या पायऱ्या उतरून जावं लागतं. चाकांची बॅग तिथे हातात उचलूनच न्यावी लागते, म्हणून पाठीवरची बरी. गणपतीत खोली मागू नका, त्या दिवसांत घराची माणसंच मुंबईहून येतात आणि माजघरात झोपायला जागा उरत नाही.

जेवण सकाळी नऊच्या आत सांगा. मासळी सकाळीच आणायची असते, दुपारी सांगितलंत तर रात्री अंड्याची आमटी मिळेल. जून-जुलैत यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा सुरमईचा हट्ट धरू नका. सुकटीची चटणी, कुळथाची पिठी आणि भात मागा, तो त्या घरांत जास्त चांगला होतो.