मुदत संपलेले फ्लेअर बोटीवरून उतरवताना

मासेमारी नौकेवरचे फ्लेअर, म्हणजे संकटात पेटवून मदत मागायच्या नळ्या, बदलायचे तर नवा माल घेणं सोपं आहे. पैसे मोजले, बिल घेतलं, पेटी भरली. मुदत संपलेल्या मालाचं काय करायचं हे मात्र कोणी धड सांगत नाही, आणि त्याचा संताप माझ्या मनातून अजून गेलेला नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हाच इंजिन, जाळी, रंगकाम आणि सुरक्षेची सगळी कामं उरकायची असतात. त्या दिवसांतला मोठा हिस्सा या एका पेटीने खाल्ला.

आमच्या पेटीत ४ पॅराशूट रॉकेट, ६ हँड फ्लेअर आणि २ तरंगते धूर-सिग्नल असतात. सोलास या जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियमांत लाइफबोटीला हाच संच सांगितला आहे. रॉकेट किमान ३०० मीटर वर जाऊन ४० सेकंद जळलं पाहिजे, हँड फ्लेअर १ मिनिट, आणि धूर ३ मिनिटं. या मालाची मुदत बहुधा बनावटीपासून ३ वर्षं असते. म्हणून घेताना बिलाची तारीख पाहू नका, नळीवर छापलेला बनावटीचा महिना पाहा. दुकानात वर्षभर पडून राहिलेला माल पूर्ण किमतीला घेतलात, तर तुमचं एक वर्ष तिथेच बुडालं.

आता अडलं कुठे ते. तपासणीला आलेल्या साहेबांनी नवा संच पाहिला, ठीक म्हणाले. शेजारी जुना संच दिसला तेव्हा म्हणाले, हा बोटीवर चालणार नाही, उतरवा. ते म्हणणं बरोबरच होतं. रात्री अंधारात, बोट हेलकावे खात असताना खलाशाच्या हाताला जुनी नळी लागली तर ती पेटेलच याची खात्री नाही. ओल शिरलेली नळी उशिरा पेटते, वेडीवाकडी जळते, कधी हातातच फुटते. पण उतरवून द्यायची कुणाला? एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने ‘हा स्फोटकांचा विषय आहे’ म्हणून तिसरं दार दाखवलं, आणि तिसऱ्याने पुन्हा पहिल्याचं नाव घेतलं. तोंडी विचारलं की प्रत्येक टेबलाला आपलं काम नसल्याचं सांगता येतं.

विषय स्फोटकांचा आहे हे खरंच. १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे नियम आहेत, आणि ते पाहणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. त्यामुळे हा माल कुरिअरने जात नाही, विमानात चालत नाही, रेल्वेत नेणं गुन्हा आहे. एसटीच्या टपावर टाकून पाठवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. समुद्रात फेकायचा नाही, कचऱ्यात टाकायचा नाही, नळी कापून दारू काढायची तर मुळीच नाही. गणपतीत किंवा ३१ डिसेंबरला उडवणारेही आहेत. लाल रॉकेट दिसलं की कोणीतरी बुडतंय असंच धरून शोध सुरू होतो. त्याच वेळी खरोखर कोणी संकटात असेल, तर त्याच्या वाट्याची मदत तुमच्याकडे वळलेली असते. याबाबतीत मी कुणाचीही भीड ठेवत नाही.

गाडं हललं ते लेखी अर्जाने. अर्जात नौकेचं नाव, नोंदणी क्रमांक, प्रत्येक प्रकाराचे नग, बनवणारी कंपनी, बॅच क्रमांक, बनावटीचा आणि मुदत संपल्याचा महिना असा तक्ता दिला. प्रत्येक नळीच्या लेबलचा फोटो जोडला. आणि प्रतीवर पोच घेतली. बॅच क्रमांक कागदावर आला की माल कुणी विकला ते शोधता येतं. शेवटी ज्या विक्रेत्याने तो विकला होता त्यानेच परत घेतला, कारण त्याच्याकडे साठवणुकीचा परवाना आहे आणि तो माल कंपनीकडे नष्ट करायला पाठवू शकतो. दुसऱ्या दुकानातून घेतलेल्या नळ्या मात्र त्याने आधी नाकारल्या होत्या, नवा संच त्याच्याकडूनच घेतल्यावर स्वीकारल्या. म्हणून खरेदी करतानाच बिलावर ‘मुदत संपल्यावर परत घेऊ’ हे लिहून घ्या. नंतर गोड बोलून काही होत नाही.

परत देईपर्यंत जुना माल घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, वर लाल अक्षरांत ‘मुदत संपली, वापरू नये’ लिहून, डिझेल, गॅस सिलिंडर आणि इंजिनच्या उष्णतेपासून लांब ठेवायचा. घरी नेऊ नका.

नव्या पेटीबद्दल राहिलेलं: ती केबिनमध्ये हाताशी हवी, जाळ्यांखाली नको. हँड फ्लेअरमधून जळते थेंब गळतात आणि नायलॉनचं जाळं क्षणात पेट घेतं, म्हणून हात लांब करून, वारा ज्या बाजूला वाहतो आहे त्या बाजूला, कठड्याच्या बाहेर धरायचा. ज्योतीकडे पाहायचं नाही. रॉकेट वाऱ्याच्या तोंडाकडे वळतं. त्यामुळे जोराच्या वाऱ्यात ते सरळ वर न धरता वारा जातो त्या दिशेला थोडं कलतं धरावं. ढग खाली उतरले असतील तर आणखी कलतं, नाहीतर ते ढगात शिरून वाया जातं. पहिल्या रॉकेटने लक्ष जातं, १-२ मिनिटांनी सोडलेल्या दुसऱ्याने दिशा पक्की होते. हेलिकॉप्टर डोक्यावर आलं की रॉकेट अजिबात नाही. दिवसा तेव्हा नारिंगी धूर सोडा, वैमानिकाला वाराही त्यातून कळतो. रात्री धुराचा उपयोग नाही.

आणि माल जपून वापरायचा. क्षितिजावर बोट दिसत नाही, विमानाचा आवाज नाही, अशा वेळी घाबरून सगळी रॉकेट उडवू नयेत. आधी बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओवर चॅनेल १६, रेंज असेल तर तटरक्षक दलाचा फोन क्रमांक १५५४. ऊन असेल तर साधा आरसाही दूरवर चमकतो, आणि त्याची मुदत कधी संपत नाही.