हात अजून असाच का, तुम्ही विचारलंत म्हणून

"ऑपरेशन तर चांगलं झालं म्हणे, मग हात अजून असा का?" लग्नात, भाजीबाजारात, फोनवर, सगळीकडे हेच. आमच्या अमळनेरच्या मावश्या तर "हात कसा शे आते?" विचारतात आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच "व्हई जाई" म्हणून मोकळ्या होतात. पडले कशी, खांद्यात काय फाटलं, दुर्बिणीने कुठे शिवलं हे सगळं तुम्हाला पाठ आहे, ते सोडते.

ऑपरेशन चांगलंच झालं. सर्जनच्या नावाने बोटं मोडायची नाहीत मला. एमआरआयमध्ये शिवण जागेवर, इन्फेक्शन नाही, नसांची तपासणी नॉर्मल. बिघडला तो खाली पंजा. पट्टा निघेपर्यंत बोटं सुजली, कातडी चकचकीत जांभळी, कधी तापलेली कधी गार, आणि आग आग. ऐन मे महिन्यात पंखा बंद, कारण नुसता वारा लागला तरी मी ओरडायचे. घरचे घामाने निथळतायत आणि मी बादलीत हात बुडवून बसलेली.

मग दुसरं मत घ्यायला मोठ्या शहरात गेलो. मी दोन्ही पंजे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, मुद्दाम, फरक आंधळ्यालाही दिसला असता. डॉक्टर फिल्म उजेडावर धरून बघत होते. "रिपोर्ट एकदम क्लीन आहेत." मी म्हटलं, सर, हात बघा ना. तर ते वळले ह्यांच्याकडे. "घरात काही टेन्शन? मुलं बाहेर असतात का?" हे बिचारे सरळ माणूस, म्हणाले मुलगी पुण्याला असते. डॉक्टरांनी अशी मान हलवली जसं काही रोगच सापडला! झोपेच्या गोळ्या, आणि "ह्यांचं मन रमवा". ह्यांना सांगितलं हां, मला नाही. मी त्या खोलीत नव्हतेच. गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही आणि मग हे हळूच म्हणाले, "थोडं मन घट्ट कर ना." ते मला अजून पचलेलं नाही. पण खरं सांगायचं तर रात्री अंधारात मीच साडीचा काठ हातावर फिरवून बघायचे, खरंच दुखतंय की मी नाटक करतेय. दुखायचं.

दुखण्याचं नाव नंतर एका पेन क्लिनिकच्या डॉक्टर बाईंकडे मिळालं, त्यांनी फाईल उघडायच्या आधी दोन्ही पंजांना हात लावून गरम-गार पाहिलं. कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम, सीआरपीएस, म्हणजे इजा किंवा ऑपरेशननंतर एखाद्या हाताला-पायाला जडणारं किचकट दुखणं. याची रक्ताची की फोटोची एकच अशी पक्की टेस्ट नाही, 2003 मध्ये बुडापेस्टला डॉक्टरांनी बसून निकष ठरवले, दुखणं इजेच्या मानाने फार जास्त, शिवाय स्पर्श, रंग, सूज, घाम, हालचाल, हे सगळं बघून ठरवायचं. म्हणजे हात बघावाच लागतो! अमेरिकेतल्या यादवी युद्धात गोळी लागलेल्या शिपायांची अशीच आग वीअर मिचेल नावाच्या डॉक्टरने 1864 मध्येच लिहून ठेवलीय, ते शिपाई सुद्धा हात सतत ओला ठेवायचे म्हणे. त्यांना कोणी मन रमवायला सांगितलं का माहीत नाही.

उपचार म्हणजे गुंगी आणणाऱ्या गोळ्या, आरशासमोर चांगला हात हलवायचा, आणि दुखऱ्या हातावर कापसाचा बोळा फिरवायचा, मग टॉवेल, मग गोणपाट. कपाशीच्या मुलखात जन्म गेला आणि कापसाला भ्यायले मी. आता वारा सोसतो, कप धरता येतो. भाकरी थापता येत नाही, आणि "एका हाताने थाप" असं सुचवणाऱ्यांनी आधी थापून दाखवावी.

आता दुसरा प्रश्न, "मग आम्ही खांद्याचं करू का?" मध्यंतरी मी सगळ्यांना बिलकुल करू नका म्हणून सांगत सुटले होते. शेजारच्या काकूंनी ऐकलं नाही, केलं, आणि आता दोरीवर गोधड्या वाळत घालतात. एकाला होतं एकाला नाही, का ते नेमकं कोणी सांगू शकत नाही. मी परत केलं असतं का? खांदा रात्र-रात्र ठणकायचा ते आठवलं की हो, पंजाकडे बघितलं की नाही. आज विचारलंत तर नाही, उद्याचं उद्या विचारा.