फॉशच्या हनुवटीवरचा हिरवा डाग

बरेच दिवस मनात असलेलं फॉशचं जुनं ब्राँझचं स्मृतिपदक अखेर घरी आलं. पुण्याच्या जुन्या बाजारात कुलपं-किल्ल्यांच्या ढिगात पडलं होतं. विकणारा म्हणाला, "इंग्रजाचा बिल्ला आहे, साहेब." बिल्ल्यावर मिशाळ लष्करी चेहरा आणि नाव फॉश. फर्डिनांड फॉश, 1918 च्या वसंतात पश्चिम आघाडीवरच्या सगळ्या दोस्त फौजांची सूत्रं हाती घेणारा फ्रेंच सेनापती. मी विकणाऱ्याची चूक सुधारली नाही. भाव वाढला असता.

व्यास 50 मिमी, वजन 62 ग्रॅम. चेहऱ्यापेक्षा मी कड आधी बघतो. भिंगाखाली फ्रेंच अक्षरांत 'ब्राँझ' असा ठसा दिसला आणि त्याला लागून तांदळाएवढं शिंग, फळाफुलांनी भरलेलं समृद्धीचं शिंग (कॉर्नुकोपिया). ही पॅरिसच्या टांकसाळीची खूण. शिंग 1880 पासूनचं, त्याआधी 1860 पासून मधमाशी असायची. पण शिंग दिसलं म्हणून हुरळून जायचं नाही. ही टांकसाळ जुन्या साच्यांवरून पुढेही पदकं पाडत राहिली, आणि शिंग त्यांच्यावरही असतंच. म्हणजे टांकसाळ कळली, साल नाही.

आता मुख्य दुखणं. हनुवटीखाली हिरवा डाग. पोटात गोळाच आला, कारण साताऱ्याच्या पावसाळ्यात ब्राँझ डिसीज म्हणजे घरात वाळवी. धातूत क्लोराइड शिरलेलं असतं, दमट हवा मिळाली की ते तांबं खात सुटतं आणि वर फिकट हिरवी भुकटी येते. पुसली तरी पुन्हा येते.

टूथपिकनं टोचून पाहिलं. भुकटी नव्हती, चिकट होतं, गोंद पाझरल्यासारखं. पीव्हीसी! आधीच्या मालकानं स्वस्तातल्या मऊ प्लॅस्टिक पाकिटात वर्षानुवर्षं ठेवलं असणार. ते प्लॅस्टिक सडताना आम्ल सुटतं आणि तांब्याला लागतं. खिडकी उघडून, कापसाच्या बोळ्यावर अ‍ॅसिटोन घेऊन हलकेच टिपलं. चौथ्या बोळ्याला डाग गेला. खाली किंचित खड्डा राहिलाय, तो आता राहणार.

तरी खात्री हवी म्हणून बंद डब्यात ओल्या कापसाशेजारी (चिकटवून नव्हे) तीन दिवस ठेवलं. रोज सकाळी चहाआधी झाकण उघडून बघत होतो. भुकटी नाही. सुटलो.

तपकिरी रंगाला मात्र हात लावलेला नाही. आईनं एकदा माझं एक पदक देवाच्या तांब्याबरोबर चिंच-मीठ लावून लखलखीत करून दिलं होतं. तिला वाटलं मी खूश होईन. ते अजून कपाटात आहे, बघवत नाही.

फॉशच का, असं दोघांनी विचारलं. फ्रान्समधल्या नव्ह शापेलला कबर न सापडलेल्या 4,700 हून अधिक हिंदी सैनिकांचं स्मारक आहे. 7 ऑक्टोबर 1927 ला त्याचं अनावरण झालं तेव्हा हा माणूस तिथे हजर होता आणि हिंदी सैनिकांना उद्देशून बोलला होता. आमच्या जिल्ह्यातल्या आपशिंगे मिलिटरी नावाच्या गावानं त्याच पहिल्या महायुद्धात 46 माणसं गमावली. पदक हातात घेतलं की मला आधी ते गाव आठवतं, पॅरिस नंतर.

सध्या ते सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात आहे. कंदी पेढ्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायची माझी जुनी खोड बंद. मेणाचा पातळ हात दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की.