ओल्डपेक्षा ओल्डर तरुण

शाळेत शिकवलं तेव्हा सगळं जिन्यासारखं सोपं होतं, ओल्ड, ओल्डर, ओल्डेस्ट, एकेक पायरी वर. पुढे रोज इंग्रजीत लिहायची वेळ आली तेव्हा कळलं की हा जिना मधेच खाली उतरतो. 'ॲन ओल्ड मॅन' म्हणजे म्हातारा, पण 'ॲन ओल्डर मॅन' म्हटलं की तोच माणूस जरा वयस्कर, अजून काठी न घेतलेला. पुढे 'दॅन' नाही, कुणाशी तुलना नाही, नुसता शेवटी 'र' लावला की गृहस्थ तरुण! बेटरचं पण तेच, 'आय ॲम बेटर' म्हणणारा बऱ्याचदा अजून पुरता बरा झालेला नसतो, 'वेल' म्हणणारा झालेला असतो.

हे माहीत असूनही मी माती खाल्लीच. एका कलीगने थकलेल्या पैशांच्या रिमाइंडरचा ड्राफ्ट पाठवला, म्हणाला जरा सौम्य करून दे. मी केला, आणि वर मोठ्या कौतुकाने लिहिलं, 'हिअर इज अ लेस हार्श व्हर्जन.' दोन मिनिटांत उत्तर, 'म्हणजे माझा हार्श होता?' आता काय सांगणार, होताच, पण मला तसं म्हणायचं नव्हतं ना!

या 'लेस'ची हीच गंमत आहे. तो हार्शला कमी करतो पण घालवत नाही, उलट पाहुण्यासारखा हाताला धरून घरात आणून बसवतो. 'लेस पेनफुल' वाचलं की डोळ्यांसमोर पेनच येतं. त्यापेक्षा 'सॉफ्टर' लिहिलं असतं तर निदान हार्श हा शब्द तरी वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आला नसता. अर्थ तोच, भांडण नाही. अर्थात लेस कुणालाही चिकटतो म्हणून हाताशी असतो, तरी 'लेस टॉल' सहसा कुणी लिहीत नाही, सरळ शॉर्टर लिहितात. जिथे चांगला उलटा शब्द सापडत नाही तिथे लेस. आणि 'द लेसर ऑफ टू ईव्हल्स'मध्ये तर कमालच, लेस हेच मुळात तुलनेचं रूप, त्यावर परत 'र'चा टोप.

आपल्याकडे असा 'र' नाही. पेक्षा म्हटलं की दोन गोष्टी समोर ठेवाव्याच लागतात, दगडापेक्षा वीट मऊ. मऊ म्हटलं तरी वीट ती वीटच, कुणी फसत नाही. नुसतंच हलकं करायचं तर जरा, त्यातल्या त्यात, नाहीतर तो गोड 'सर', लालसर, ओलसर. संस्कृतातले 'तर' आणि 'तम', म्हणजे त्यांचे 'अर' आणि 'एस्ट', मात्र आपण जोडून वापरतो, तारतम्य म्हणून, जे त्या मेलच्या वेळी माझ्याकडे नव्हतं.

परवा त्याच कलीगला दुसरा एक ड्राफ्ट पाठवला, या वेळी वर काहीच न लिहिता. त्याचं उत्तर आलं, 'दिस इज बेटर.' गुड नाही म्हणाला, बेटर म्हणाला. मी गपचूप फाइल परत उघडली.