क्यूच्या बाडांतला पॅलेस्टाईन: झायोनवादविरोधाचे मूळ कागद पाहायला जाणाऱ्यांसाठी

हाताशी पाच दिवस होते: चार लंडनजवळच्या क्यूला, ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, आणि एक ऑक्सफर्डला. विषय होता १९१७ ते १९४८ या काळात झायोनवादाला, म्हणजे पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंचं राष्ट्र उभारू पाहणाऱ्या चळवळीला, झालेला विरोध. तो कोणी केला, कोणत्या शब्दांत केला आणि लंडनच्या कचेऱ्यांनी त्याचं काय केलं, हे मूळ कागदांत पाहायचं होतं. एवढ्या दिवसांत हे काम होतं, पण निम्मी तयारी घरूनच करून निघालात तर.

घरी वाचून घ्यायचे कागद आधी सांगतो. मंत्रिमंडळाच्या कागदपत्रांच्या दोन मालिका, कॅब २३ (बैठकींची इतिवृत्तं) आणि कॅब २४ (टिपणं), डिजिटल रूपात आहेत. त्यांच्यासाठी क्यूचा दिवस खर्चू नका. कॅब २४/२४ मध्ये एडविन माँटेग्यूचं २३ ऑगस्ट १९१७ चं टिपण आहे. हा आपल्या 'माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणां'मधला माँटेग्यू, भारतमंत्री. भारताला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा त्याने २० ऑगस्टला केली आणि तीनच दिवसांनी हे टिपण लिहिलं. स्वतः ज्यू असलेला हा मंत्री बाल्फोर जाहीरनाम्याच्या (पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंचं 'राष्ट्रीय घर' व्हावं, याला ब्रिटनने दिलेल्या पाठिंब्याच्या) मसुद्याला विरोध करताना म्हणतो, की ज्यूंचं वेगळं राष्ट्र आहे असं सरकारने मान्य केलं, तर प्रत्येक देश आपल्या ज्यू नागरिकांना परकं ठरवायला मोकळा होईल. याला जोडून कर्झनचं (भारताचा माजी व्हाइसरॉय, तेव्हा युद्ध मंत्रिमंडळात) २६ ऑक्टोबरचं टिपण वाचा. त्याचा आक्षेप निराळा आहे: तिथे आधीपासून राहणाऱ्या लोकांचं काय करणार? युद्ध मंत्रिमंडळाचा अंतिम निर्णय ३१ ऑक्टोबरच्या इतिवृत्तात, कॅब २३/४ मध्ये आहे. तोवर माँटेग्यू भारताच्या वाटेवर होता.

हे दोन कागद शेजारी ठेवले की 'झायोनवादविरोध' नावाचा एकच खण नाही, हे लगेच कळतं. ब्रिटिश ज्यूंचा विरोध वेगळा, पॅलेस्टाईनच्या अरबांचा वेगळा, साम्राज्याचा हिशेब मांडणाऱ्या अधिकाऱ्यांचा आणखी वेगळा. काही कागदांत तर सरळ ज्यूद्वेषच आहे. त्याची नोंद पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा आणि त्याला दुसरं सौम्य नाव देऊ नका.

आता क्यू. डिस्ट्रिक्ट लाइनने क्यू गार्डन्स स्टेशनला उतरायचं, तिथून साधारण दहा मिनिटं चालत. अभिलेखागार मंगळवार ते शनिवार उघडं असतं, रविवारी-सोमवारी बंद. निघण्यापूर्वी वेळा वेबसाइटवर पुन्हा तपासा. मूळ कागद मागवायला रीडर्स तिकीट लागतं. ते फुकट आहे, पण नावाचा एक आणि पत्त्याचा एक असे दोन पुरावे दाखवावे लागतात. नावासाठी पासपोर्ट चालतो. पत्त्याचा पुरावा ही आपल्याकडच्यांची नेहमीची अडचण, म्हणून बँकेचं पत्ता छापलेलं इंग्रजी स्टेटमेंट कागदावर सोबत न्या. मोबाइलवरच्या फोटोच्या भरवशावर जाऊ नका. वाचनकक्षात पेन, खोडरबर, बाटली, खाणं काही चालत नाही. पेन्सिल, लॅपटॉप आणि फ्लॅश बंद केलेला कॅमेरा चालतो, फोटोंना पैसे पडत नाहीत.

पहिल्या दिवसाचे कागद आगाऊ मागवून ठेवा, म्हणजे सकाळी पोचताच काम सुरू होतं. जागेवर मागवलेला कागद यायला बराच वेळ जातो, त्यामुळे एक बाड वाचायला घेतलं की लगेच पुढच्याची मागणी नोंदवायची.

खरा ऐवज सीओ ७३३ या मालिकेत आहे: तेव्हा ब्रिटिश अंमलाखाली असलेल्या पॅलेस्टाईनविषयीचा वसाहत खात्याचा मूळ पत्रव्यवहार, १९२१ पासूनचा. (कॅटलॉगमध्ये ही अक्षरं अर्थातच इंग्रजीत टाकायची.) इथे बहुतेकांची पहिली चूक होते ती शोधशब्दाची. कॅटलॉगमध्ये 'अँटी-झायोनिस्ट' टाकलं तर फार थोडं हाती लागतं, कारण त्या काळच्या कारकुनाने फाइलीला ते नाव दिलेलंच नसतं. त्याने लिहिलेलं असतं 'प्रोटेस्ट', 'पिटिशन', 'अरब डेलिगेशन', 'मोस्लेम-ख्रिश्चन असोसिएशन'. 'मुस्लिम' नव्हे, 'मोस्लेम'. नावांचंही तेच. अरब शिष्टमंडळाचे अध्यक्ष मूसा काझिम अल-हुसैनी यांच्या नावाची स्पेलिंगं कागदागणिक बदलतात, म्हणून निदान तीन-चार तऱ्हांनी शोधा.

दुसरी चूक बाडांच्या रचनेमुळे होते. १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही बाडं विषयवार नाहीत, पाठवणाऱ्यानुसार बांधलेली आहेत: हायकमिशनरचे (पॅलेस्टाईनमधल्या ब्रिटिश कारभाराच्या प्रमुखाचे) खलिते एकीकडे, इतर खात्यांची पत्रं दुसरीकडे, खासगी व्यक्तींची तिसरीकडे. नुसते खलिते चाळणाऱ्याला अरब शिष्टमंडळाने थेट लंडनमध्ये दिलेली पत्रं दिसतच नाहीत. नंतरच्या काळात विषयवार फाइली सुरू होतात आणि काम सोपं होतं.

एखादं पत्र सापडत नसेल तर सीओ ७९३ मागवा. ही त्या खात्याची आवक बारनिशी, म्हणजे आलेल्या पत्रांची नोंदवही. पत्र कधी आलं, कशाबद्दल होतं, कोणाकडे गेलं, हे तिथे ओळीत लिहिलेलं असतं. वसाहत खात्याच्या अशा बारनिशींत काही नोंदींपुढे 'कायद्यानुसार नष्ट' असा शिक्का भेटतो. तो दिसला की त्या पत्राचा शोध तिथेच थांबवायचा, मात्र नोंद उतरवून घ्यायची. पत्र आलं होतं एवढा पुरावा तरी ती देते.

एक फाइल नीट कशी वाचायची ते १९२२ च्या उदाहरणावरून सांगतो. पॅलेस्टाईनच्या अरबांची बाजू मांडायला आलेलं अरब शिष्टमंडळ लंडनच्या हॉटेल सेसिलमध्ये उतरलं होतं. २१ फेब्रुवारी १९२२ च्या त्यांच्या पत्रावर पत्ता त्याच हॉटेलचा आहे, खाली अध्यक्ष मूसा काझिम आणि चिटणीस शिब्ली जमाल यांची नावं. बाल्फोर जाहीरनामा पायाशी ठेवून केलेली राज्यघटना आम्ही चर्चेलाच घेऊ शकत नाही, असं ते लिहितात. हा पत्रव्यवहार त्याच वर्षी सरकारने 'कमांड १७००' या क्रमांकाचा संसदीय कागद म्हणून छापला, त्यामुळे पत्राचा मजकूर कुठेही मिळेल. क्यूला जायचं ते पत्राला जोडलेल्या शेऱ्यांसाठी. पत्र टेबलांवरून वर जाताना प्रत्येक अधिकारी आपलं मत हाताने लिहून आद्याक्षरं आणि तारीख टाकतो. उत्तराचा मसुदा, त्यातली खाडाखोड आणि शेवटी गेलेलं पत्र हे सगळं छापील प्रतीसमोर ठेवून वाचा. अक्षर दुर्बोध असतं, पण एका अधिकाऱ्याचे पाच शेरे वाचले की सहावा लागतो. आधी आद्याक्षरांची यादी करा.

पॅलेस्टाईनमधल्या १९३६ च्या अरब उठावाची कारणं तपासणाऱ्या ब्रिटिश पील आयोगाच्या बाबतीत (१९३६-३७) एक सापळा आहे. उघड सुनावण्यांच्या साक्षी 'कलोनियल १३४' या छापील ग्रंथात आहेत. जेरुसलेमचे मुफ्ती (मुख्य मुस्लिम धर्माधिकारी) अमीन अल-हुसैनी यांची जानेवारी १९३७ ची साक्ष तिथेच वाचायला मिळते. बंद दाराआडच्या साक्षी एफओ ४९२ (एफओ म्हणजे परराष्ट्र खातं) मध्ये आहेत आणि त्या २०१७ मध्ये खुल्या झाल्या. एकच बाजू वाचून आयोगावर लिहू नका. कोण उघड बोललं आणि कोणाला बंद दाराआड बोलायची संधी मिळाली, हा स्वतंत्र पुरावाच आहे.

१९४८ नंतरचं हवं असेल तर एफओ ३७१ कडे वळा. चार दिवसांत दोन्ही उरकायच्या भानगडीत पडू नका. आणि पॅलेस्टाईनमधल्या तेव्हाच्या ब्रिटिश सरकारची स्वतःची दफ्तरं क्यूला शोधू नका. त्यांतला जो भाग मागे राहिला तो जेरुसलेमला, इस्रायलच्या राज्य अभिलेखागारात आहे.

ऑक्सफर्डला पॅडिंग्टनहून रेल्वेने साधारण तासभर लागतो. सेंट अँटनीज कॉलेजच्या मिडल ईस्ट सेंटरचा संग्रह छोटा आहे, तिथे ईमेलने वेळ ठरवल्याशिवाय जाऊ नये. शेवटचा हायकमिशनर अ‍ॅलन कनिंगहॅम याची कागदपत्रं तिथे आहेत, आणि चार्ल्स टेगर्टचीही. हा कलकत्त्याचा पोलीस कमिशनर, क्रांतिकारकांचा कर्दनकाळ. १९३७ च्या अखेरीस तो पॅलेस्टाईनला गेला आणि पोलिसांचे 'टेगर्ट किल्ले' त्याच्या सल्ल्याने उभे राहिले. बंगालमधलं दडपशाहीचं तंत्र तिकडे कसं पोचलं, हा आपल्याकडच्या अभ्यासकाने हाती घ्यायचा विषय आहे, त्यासाठी एक दिवस अपुरा पडतो.

फोटो काढताना प्रत्येक फाइलीचा पहिला फोटो संदर्भ क्रमांकाच्या लेबलाचा, दुसरा शेऱ्यांच्या पानाचा, मग पत्रं. पातळ कागदावरच्या कार्बन प्रतींना मागच्या पानाची अक्षरं झिरपलेली दिसतात, तिथे मागे कोरा पांढरा कागद लागतो. तो काउंटरवर विचारून घ्या, स्वतःचा सरकवू नका. आणि त्याच रात्री फोटो फाइलवार वेगळे करा. तिसऱ्या दिवशी हजारभर फोटोंच्या ढिगाऱ्यात कोणता शेरा कोणत्या पत्राचा हे कोणालाही सांगता येत नाही.