झोन रहिवासी, घोडं अडलं रस्त्यावर

झोन दाखल्यावर ‘रहिवासी विभाग’ आलं की लोक निर्धास्त होतात. होऊ नये. प्लॉटसमोरचा रस्ता किती मीटरचा, हे त्या दाखल्यावरून कळत नाही आणि युडीसीपीआर 2020 या राज्याच्या बांधकाम नियमावलीत एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येईल ते, ठरतो तो रस्त्याच्या रुंदीवरच. आमच्या बांधकाम परवानगीत सातबारा, मालमत्ता पत्रक, नकाशे, सगळं बिनबोभाट झालं. अडलं ते इथे.

हिशेब बघा. पुणे, नाशिक, नागपूर महापालिकांत दाट वस्तीच्या हद्दीबाहेर मूळ एफएसआय 1.10. रस्ता 9 मीटरच्या आत असेल तर प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) नाही, टीडीआरही (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकाम हक्क) नाही. 9 ते 12 मीटरला प्रीमियमचा 0.50 आणि टीडीआरचा 0.40 धरून 2.00. म्हणजे 500 चौ.मी.च्या प्लॉटवर 550 की 1000, हे टेपच्या शेवटच्या वीतभरात ठरतं.

आमच्या मंजूर रेखांकनात (लेआउटमध्ये) रस्ता 9 मीटर, जागेवर भिंत ते भिंत 8.70. समोरच्याची भिंत पुढे सरकलेली, भुर्दंड आपल्याला! परवानगी विभाग म्हणतो, पथ विभागाचं पत्र आणा. पथ विभाग म्हणतो, रुंदी नगररचना सांगेल. नगररचना म्हणते, हा विकास आराखड्यातला रस्ताच नाही, रेखांकनातला आहे. प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबर, फाइल मात्र जागची हलत नाही.

एमआरटीपी या नगररचना कायद्याच्या कलम 45 मध्ये 60 दिवसांत निर्णय न कळवल्यास मानीव परवानगी (मिळालीच असं धरणं) आहे, पण तिच्यावर विसंबू नका. त्रुटीपत्र निघालं की 60 दिवस तुमच्या उत्तरापासून नव्याने मोजतात, आणि प्रस्ताव नियमात बसत नसेल तर मानीव परवानगी कामाची नाही. त्यामुळे सगळ्या त्रुटींना एकदमच उत्तर द्या, पोच घ्या.

अखेर सुटलं ते रेखांकनाची साक्षांकित प्रत आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंची मोजणी जोडल्यावर. नुसत्या आपल्या प्लॉटची ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) पुरत नाही, ती आपल्या हद्दीशी संपते. जुनं रेखांकन ‘सापडत नाही’ म्हणाले तर सरळ माहिती अधिकारात मागा, 30 दिवसांत लेखी उत्तर द्यावंच लागतं. परवानगी नाकारली किंवा जाचक अटी घातल्या, तर कलम 47 खाली अपिलाला 40 दिवस असतात.

आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: इसार देण्यापूर्वी टेप घेऊन जा. गेटसमोर मापून परत येऊ नका, चौकापर्यंत चालत जाऊन सर्वांत अरुंद जागी मापा.