लाट किती सेकंदांची?

कोल्हापूरच्या मैत्रिणीचा बुधवारी रात्री मेसेज येतो, ‘‘शनिवारी दीड मीटरची लाट दाखवतंय. सर्फिंगला येऊ ना?’’ माझं उत्तर ठरलेलं असतं, ‘‘किती सेकंदांची?’’ सुरुवातीला तिला वाटायचं, मी टाळतेय. आता ती उंचीच्या आधी सेकंद सांगते. घाट उतरून इतक्या लांब यायचं की नाही, हे बहुतेक वेळा त्या एका आकड्यावर ठरतं.

मी सावंतवाडीत राहते, औषधांचं दुकान चालवते. पावसाळा सोडला तर जमेल त्या पहाटे सर्फिंगचा बोर्ड गाडीच्या टपावर बांधून उत्तर गोव्यातलं आश्वे नाहीतर हरमल गाठते. साडेनऊला दुकान उघडावं लागतं, म्हणजे पाण्यात मिळतात जेमतेम दोन तास. समुद्रावर जाऊन ‘बघू काय आहे ते’ म्हणायची चैन मला परवडत नाही. त्यामुळे अ‍ॅपवरचा लाटांचा अंदाज वाचायला मी मनापासून शिकले, आणि आता त्याचीच गोडी लागली आहे.

अ‍ॅप उघडलं की सगळ्यांची नजर उंचीवर जाते. ०.८ मीटर, १.५ मीटर. या उंचीचा अर्थ आधी नीट समजून घ्यायला हवा. समुद्रात एका वेळी लहान-मोठ्या हजार लाटा असतात, त्यांतल्या सगळ्यात उंच एक-तृतीयांश लाटांची ही सरासरी. म्हणजे ‘एक मीटर’ असं लिहिलेलं असताना पुष्कळ लाटा त्याहून लहान असतात आणि एखादी जवळपास दुप्पट उंचीची येऊ शकते. शिवाय ही उंची खोल पाण्यातली. किनाऱ्याशी येऊन लाट फुटते तेव्हा ती किती उभी राहणार, हे सेकंद सांगतात.

सेकंद म्हणजे एका लाटेचा माथा पुढे गेल्यापासून मागच्या लाटेचा माथा त्याच जागी येईपर्यंतचा वेळ. दीड मीटर आणि ६ सेकंद असेल तर ती जवळच्याच वाऱ्याने उठवलेली खळबळ. लाटा एकीवर एक चढतात, बाहेर वल्हवत जाताना दम निघतो आणि उभं राहावं अशी एकही धड मिळत नाही. ०.८ मीटर आणि १५ सेकंद असेल तर मात्र मी दुकानातल्या पोराला आदल्या रात्रीच सांगून ठेवते की उद्या शटर तू उघड. कारण ती लाट आश्व्याला फुटताना कंबरेच्या वर, कधी छातीपर्यंत उभी राहते आणि एका लाटेनंतर दुसरी येईपर्यंत श्वास घ्यायला वेळ मिळतो.

असं का होतं याचं गणित सोपं आहे. खोल पाण्यात लाटेची लांबी, म्हणजे माथ्यापासून माथ्यापर्यंतचं अंतर, मीटरमध्ये हवी असेल तर सेकंदांचा वर्ग करून त्याला १.५६ ने गुणायचं. ८ सेकंदांची लाट १०० मीटर लांब, १६ सेकंदांची ४०० मीटर. लांबीच्या निम्म्या खोलीवर लाटेला तळ जाणवू लागतो. म्हणजे पहिली ५० मीटर खोलीवर तळाला लागते, दुसरी २०० मीटरवरच. तळ लागला की लाट मंदावते, वळते आणि किनाऱ्याशी उंच होत जाते. लांब लाट त्यामुळे जास्त उभी राहते आणि वळून किनाऱ्याला जवळजवळ समोरून येते. दिशेचा आकडा २०५ अंश दाखवतो, म्हणजे जवळपास दक्षिणेकडून आलेली लाट, पण आश्व्याच्या पश्चिमेकडे तोंड केलेल्या किनाऱ्यावरही ती पोचते ती याच वळण्यामुळे. ६ सेकंदांच्या लाटेला हे जमत नाही.

आता या १५-१६ सेकंदांच्या लाटा येतात कुठून? शाळेत भूगोलात ‘गरजणारे चाळीस’ वाचलं होतं, ते आठवत असेल. दक्षिण गोलार्धात ४० अंशांच्या खाली जमीन फारशी नाही, वारा अडत नाही. तिथली वादळं पाणी दिवसेंदिवस ढकलत राहतात आणि त्यातून निघालेली स्वेल, म्हणजे वादळापासून सुटून लांबवर जाणारी लाट, हिंदी महासागर ओलांडून आपल्याकडे येते. ४५ अंश दक्षिणेपासून पेडण्याचा किनारा सुमारे ६७०० किलोमीटर. स्वेलचा वेग ताशी किलोमीटरमध्ये हवा तर सेकंदांना २.८ ने गुणायचं. १६ सेकंद म्हणजे ताशी ४५ किलोमीटर, म्हणजे सहा दिवसांपेक्षा थोडं जास्त. मी विंडी हे हवामानाचं अ‍ॅप उघडून नकाशा थेट खाली नेते, मादागास्करच्याही दक्षिणेला, आणि तिथे मोठा लाल डाग दिसला की पुढच्या आठवड्याची तारीख मोजायला लागते. दुकानात गिऱ्हाईक नसताना करायला मला याहून आवडतं काम नाही.

लांब सेकंदांच्या लाटा वेगवान, म्हणून त्या आधी पोचतात. अंदाजात आधी ०.३ मीटर आणि १८ सेकंद असं काहीतरी क्षुल्लक दिसतं. लोक उंची बघून पुढे सरकतात. मी तिथेच थांबते, कारण ती येणाऱ्या स्वेलची वर्दी असते. एकाच वादळातून निघालेल्या १८ सेकंदांच्या आणि १४ सेकंदांच्या लाटांमध्ये इथे येईपर्यंत दीड दिवसाचं अंतर पडतं. सेकंद हळूहळू उतरत जातात, उंची चढते, आणि १५-१४ च्या आसपास माझ्या मते सगळ्यात छान सकाळ मिळते.

स्वेलचा अंदाज पाच-सहा दिवस आधीही बराच भरवशाचा असतो तो याचमुळे. लाट आधीच निघालेली असते, वाटेत असते, फक्त पोचायची असते. वाऱ्याचं तसं नाही. म्हणून बुधवारी मी फक्त स्वेल बघते आणि वाऱ्याकडे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ढुंकूनही बघत नाही.

मुंबईचे मित्र विचारतात, आमच्याकडे हीच स्वेल का लागत नाही? मुंबईसमोर उथळ समुद्रबूड जमिनीचा पट्टा तीनशे किलोमीटरहून रुंद आहे, गोव्यासमोर साधारण शंभर. इतकं अंतर तळाला घासत येताना लांब लाटेची ताकद जिरते. केरळात हा पट्टा आणखी अरुंद, म्हणून वर्कल्याला तीच स्वेल आमच्यापेक्षा जास्त जोर दाखवते.

नोव्हेंबर ते मार्च या काळात आणखी एक पाहुणी असते. इराणच्या आखातावरून आणि अरबस्तानावरून शमाल नावाचा वायव्य वारा सुटतो आणि त्याच्या लाटा अरबी समुद्र उतरून येतात. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी या लाटांचा आपल्या पश्चिम किनाऱ्यावर अभ्यास केला आहे. दिशा ३००-३१५ अंश, सेकंद ६ ते ८. अशा वेळी अ‍ॅपवरची एकूण उंची फार फसवी असते. ०.८ मीटरची १५ सेकंदांची दक्षिणेची स्वेल आणि ०.९ मीटरची वायव्येची खळबळ एकत्र झाली की एकूण उंची १.७ होत नाही, दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं, ते येतं १.२. आणि त्या १.२ वरून आत काय दडलंय ते कळत नाही. म्हणून स्वेल १, स्वेल २ आणि वाऱ्याची लाट असे वेगळे रकाने दाखवणारं पानच उघडावं. काही अ‍ॅप तारे देतात, त्यांकडे मी बघत नाही. आश्व्याची वाळू कुठे साचली आहे, हे त्या ताऱ्यांना ठाऊक नसतं.

वाऱ्याच्या बाबतीत माझे गुरू शिरोड्याचे मामा. ते रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर असतात. मामांना वाऱ्याचा वेग नॉटमध्ये सांगितला तर ते हसतात, पण रात्री नऊला अंगणात उभं राहून वर बघतात आणि म्हणतात, ‘‘आभाळ इला नाय मां, मगे सकाळी मतलई सुटतली.’’ यामागे शास्त्र आहे. रात्री आकाश निरभ्र असेल तर जमीन झपाट्याने गार होते आणि समुद्र तितका होत नाही. गार हवा जमिनीकडून समुद्राकडे वाहते, तोच मतलई वारा. ढग असले की जमीन गार होत नाही आणि मतलई मरते. हवामानाच्या जागतिक मॉडेलांचे चौकोन मोठे, जीएफएस या अमेरिकी मॉडेलचा सुमारे १३ किलोमीटरचा, युरोपीय मॉडेलचा सुमारे ९. आपला किनारा आणि मागचे डोंगर त्या चौकोनांत धड मावत नाहीत. त्यामुळे अ‍ॅपवर ‘वायव्य ३ नॉट’ असतानाही मी आकाश निरभ्र बघून निघते, आणि पहाटे किनाऱ्यावर माडाच्या झावळ्या समुद्राकडे झुकलेल्या असतात.

हा वारा लाटेच्या तोंडावर समोरून येतो, तिला फुटण्याआधी क्षणभर जास्त उभी धरतो. माथ्यावरून पाण्याचे तुषार मागे उडताना दिसतात. कडेला हात लावला तर पाणी गुळगुळीत लागतं, बोर्ड घसरताना आवाजसुद्धा वेगळा येतो, एकसलग. जानेवारी-फेब्रुवारीत हे दहा-साडेदहापर्यंत टिकतं. एप्रिल-मे आला की खारे वारे नऊलाच डोकं वर काढतात आणि १०-१२ नॉट वायव्य झाला की खेळ संपतो. हरमलच्या उत्तर टोकाला डोंगराचा थोडा आडोसा मिळतो, तिथे अर्धा तास जास्त काढता येतो. नवख्यांसाठी एक सूचना : अ‍ॅपवर बाण वारा जिकडे जातो तिकडे तोंड करून असतो, पण आकडा किंवा दिशेचं नाव वारा जिकडून येतो त्याचं असतं. ‘पूर्व’ लिहिलंय म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे आपल्या कामाचा.

राहिली भरती. आश्व्याला पाणी अगदी उतरलेलं असताना लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदम कोसळते, आणि पूर्ण भरतीला लाट सुस्त होऊन थेट पुळणीवर फुटते. मधलं चढतं पाणी सगळ्यात चांगलं. ते कधी मिळेल याचा हिशेब मी आधी कालनिर्णयवरून करते. तिथीला पाऊणने गुणलं की मुंबईच्या भरतीची वेळ येते : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला हिशेबाने सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या सुमारास. आमच्याकडे भरती त्याआधी साधारण तासभर. म्हणजे पौर्णिमेला अकराच्या सुमारास भरती, पहाटे पाचला सुकती, आणि साडेसहा ते साडेआठ मला हवं ते चढतं पाणी. चतुर्दशी ते द्वितीया हे माझे दिवस. एकादशीला सकाळी सातलाच पाणी तुडुंब, तेव्हा मी झोपते. नेमकी मिनिटं भरतीच्या तक्त्यातून बघते, पण महिनाभराची आखणी तिथीवरच होते. उधाणाला पाणी झपाट्याने चढतं-उतरतं, तेव्हा खाडीच्या तोंडाजवळ, विशेषतः केरीला, मी पाण्यात उतरत नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र मी कळकळीने सांगते. लांब सेकंदांची लाट जितकी सुंदर, तितकी धोक्याची. केरळात तिला कल्लक्कडल म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. वारा नाही, आकाश स्वच्छ, आणि अचानक पाणी चढतं. ६ मे २०२४ ला कन्याकुमारीजवळ लेमूर किनाऱ्यावर वैद्यकीय शिक्षण घेणारी पाच मुलं अशाच समुद्रात गेली. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था अशा स्वेलचे इशारे आधी देते. तिचं पान मी अ‍ॅपच्याही आधी उघडते, तुम्हीही उघडा. १८ सेकंदांच्या लाटांमध्ये दोन सेटच्या, म्हणजे लागोपाठ येणाऱ्या मोठ्या लाटांच्या दोन घोळक्यांच्या, मधली शांतता फार लांब असते. पाच मिनिटं बघून ‘आज काहीच नाही’ म्हणणारा माणूस पाण्यात शिरतो आणि मग सेट येतो. किनाऱ्यावर निदान वीस मिनिटं उभं राहून बघायचं, आणि इशारा असेल त्या दिवशी शिकणाऱ्यांनी पाण्यात पाय घालायचा नाही. माझी मैत्रीण घाट उतरून आली असली तरी तिलाही मी काठावरच बसवते.

वही ठेवा. अंदाज काय होता आणि प्रत्यक्षात काय दिसलं, दोन रकाने, बस. पावसाळ्यानंतर वाळूचे बांध दरवर्षी नव्या जागी बसतात, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये माझी जुनी पानं निम्मी बाद होतात आणि मोरजीपासून हरमलपर्यंत पुन्हा एकदा चालत बघून यावं लागतं. पण सेकंदांची पानं बाद होत नाहीत. कुठल्या आकड्याला आश्व्यात काय उभं राहतं, ते दर हंगामात जास्त पक्कं होत गेलंय.

जूनमध्ये अंदाजाचं पान लाल-जांभळं होतं, साडेतीन मीटर, नैर्ऋत्येचा वारा, किनाऱ्यावर लाल बावटे. मामांची होडी माडाच्या झापांखाली जाते, बोर्ड माझ्या माळ्यावर. मग सप्टेंबर संपताना मी पुन्हा रोज बघू लागते : उंची दीड मीटरखाली आली का, सेकंद बाराच्या वर गेले का, आणि पहाटेचा बाण समुद्राकडे वळला का. तिन्ही एकत्र जुळले की कोल्हापूरला पहिला मेसेज माझा जातो.